गॅरी नगरींतील शाळांचें वेळापत्रक

शाळेचें वेळापत्रक आंखणें हें वरवर पाहतां निव्वळ हिशेबाचें काम दिसतें. पण त्याच कामानें एका महानगराच्या राजकारणांत खळबळ उडविल्याचा दाखला इतिहासांत आहे.

अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत १९०६ सालीं पोलादाच्या कारखान्यासाठीं गॅरी हें नगर वसविण्यांत आलें. मुलें झपाट्यानें वाढलीं. शाळा अपुऱ्या पडूं लागल्या. १९०७ सालीं शाळांचीं सूत्रें विल्यम वर्ट यांच्या हातीं आलीं. त्यांनीं विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. एक गट वर्गांत वाचन-गणित शिके, तेव्हां दुसरा कर्मशाळेंत, क्रीडांगणावर वा सभागृहांत असे. मग अदलाबदल होई. एकही खोली रिकामी राहूं नये आणि प्रत्येक मुलाला हस्तकौशल्यही लाभावें, हा त्यांतील हिशेब.

पुढें न्यूयॉर्क शहरानेंही हा प्रयोग आरंभिला. परंतु तेथील श्रमजीवी आईबापांना शंका आली कीं, आपलीं मुलें केवळ कारखान्यासाठींच घडविलीं जात आहेत. ऑक्टोबर १९१७ मध्यें विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शाळांच्या खिडक्या फुटल्या. नोव्हेंबरांत योजनेचे पुरस्कर्ते महापौर मिचेल निवडणूक हरले आणि योजनाही बारगळली.

तास आणि खोल्या यांचा मेळ कागदावर घालतां येतो. पालकांचा विश्वास मात्र कागदाबाहेर, त्यांच्या दारीं जाऊनच मिळवावा लागतो.