विकास बँक व शेजारी प्रदेशांचे आर्थिक सहकार्य : सातारा-सांगली

दीर्घ मुदतीचे भांडवल पुरवून नव्या उद्योगांच्या उभारणीस साहाय्य करणारी वित्तसंस्था म्हणजे विकास बँक होय. अशा बँकेच्या साहाय्यातून शेजारी प्रदेश परस्परांशी जोडले जाऊ शकतात. आशियाई विकास बँकेच्या (स्थापना १९६६, मुख्यालय मानिला) सनदेत आशियातील आर्थिक वाढीबरोबरच सहकार्यास चालना देणे हा हेतू नमूद आहे. त्यानुसार १९९२ पासून मेकाँग खोऱ्यातील सहा देशांत, तर २००१ पासून भारत, नेपाळ, भूतान व बांगला देश यांच्यात दळणवळण, वीज व व्यापार या क्षेत्रांतील सहकार्याचे कार्यक्रम तिने हाती घेतले. कृष्णेच्या खोऱ्यात याच प्रकारचा एक प्रयोग त्यापूर्वीच, अर्थात फार लहान प्रमाणावर, घडून आला होता. तेथील शेजारी म्हणजे राष्ट्रे नव्हेत, तर नुकतीच विलीन झालेली संस्थाने व त्यांना लागून असलेला पूर्वीचा ब्रिटिश मुलूख होय.

१९४८ पूर्वी सध्याच्या सातारा व सांगली जिल्ह्यांच्या प्रदेशात ब्रिटिश अंमलाखालील तालुक्यांच्या जोडीने सांगली, मिरज (थोरली व धाकटी पाती), जत, औंध, फलटण इ. संस्थाने होती. औंध संस्थानचा मुलूख तर औंध, आटपाडी, कुंडल अशा एकमेकांपासून तुटलेल्या भागांत विखुरलेला होता. शेजारच्या गावी जाताना कित्येकदा राज्यच बदलत असे. काही दक्षिणी संस्थानांनी संघराज्य स्थापण्याचा केलेला प्रयत्न टिकला नाही व मार्च १९४८ मध्ये ती मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये संस्थानी मुलूख व जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण करण्यात आला. त्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.

त्याच सुमारास, १ जुलै १९४८ रोजी, भारतीय औद्योगिक वित्त निगम ही देशातील पहिली विकास बँक स्थापन झाली. तिच्या कायद्यात कर्जास पात्र उद्योगसंस्थांमध्ये मर्यादित कंपन्यांबरोबर सहकारी संस्थांचाही समावेश होता. एकमालकी व भागीदारी संस्था मात्र वगळलेल्या होत्या. या तरतुदीचे महत्त्व प्रारंभी फारसे कोणाच्या ध्यानी आले असेल, असे वाटत नाही. अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा या तरतुदीचा उपयोग दिसून आला. पुढे कारखाना-उभारणीची एक पद्धतच रूढ झाली : शेतकऱ्यांचे भाग, राज्य शासनाचे भाग आणि शासनाच्या हमीवर निगमाचे दीर्घ मुदतीचे कर्ज.

सांगली येथे वसंतराव (वसंतदादा) पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी सहकारी साखर कारखाना स्थापन झाला, तर कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक येथे कृष्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर वाळवे तालुक्यात साखराळे, सातारा जिल्ह्यात भुईंज, कराडजवळ यशवंतनगर असे कारखाने निघाले. कृष्णा कारखान्याचे कार्यक्षेत्र विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे सभासद सातारा जिल्ह्यातील कराडबरोबरच सांगली जिल्ह्यातील वाळवे व कडेगाव या भागांतही पसरलेले असून जिल्ह्याची सीमा तेथे गौण ठरली आहे.

हे सहकार्य केवळ सद्‌भावनेवर अवलंबून नव्हते. सभासदाने आपला ऊस कारखान्यास घालावयाचा, त्याच्या बिलातून प्रतिटन ठरावीक रक्कम बिनपरतीची ठेव म्हणून कापली जावयाची व कर्जफेडीस तिचा आधार मिळावयाचा, अशी ही व्यवस्था होती. एकाने ऊस अन्यत्र वळविला, तर त्याची झळ सर्वांना बसे. पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या दरबारांकडे पाहणाऱ्या गावांना एका ताळेबंदात आणण्याचे जे कार्य झाले, त्यात प्रचारसभांपेक्षा या कपातीचा वाटा अधिक असावा.

मात्र कर्जाचा लाभ ऊस पिकविणाऱ्यास, म्हणजे ज्याच्या शेतास पाणी आहे त्यास मिळाला. जत, आटपाडी, माण, खटाव हे अवर्षणप्रवण भाग दीर्घकाळ या वर्तुळाच्या बाहेर राहिले. शिवाय कर्ज प्रत्येक कारखान्यास स्वतंत्रपणे मिळत असल्याने शेजारचे कारखाने उसासाठी एकमेकांचे स्पर्धक बनले. १९८४ च्या आदेशाने राज्यात झोनबंदी लागू करावी लागली, ती पुढे उठली. निगमाचे १९९३ मध्ये कंपनीत रूपांतर झाले. सांगलीचा कारखाना कर्जाच्या भाराखाली आला व २०१७ मध्ये तो भाडेपट्ट्याने चालविण्यास दिला गेला.

कोरडवाहू पूर्वभागास पाणी नेण्यासाठी लागणारा पैसा वेगळ्या मार्गाने उभा राहिला. कृष्णा पाणीवाटप लवादाने (बच्छावत लवाद) महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी दिले होते. या निवाड्याच्या फेरविचारासाठी ३१ मे २००० ही तारीख ठरलेली असल्याने, तत्पूर्वी आपला वाटा अडविण्याच्या निकडीतून महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ मध्ये स्थापन करण्यात आले व त्याने कर्जरोखे विकून निधी उभारला. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा जलसिंचन योजनांची कामे त्याच्याकडे आली. येथे पैशाची निकड सहकार्यापेक्षा शेजाऱ्यांमधील चढाओढीतून निर्माण झाली होती. तरीही जत तालुक्याच्या पूर्व सीमेवरील काही गावांना हे पाणी दूरचेच राहिले आणि कर्नाटकातील तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी आपणांस मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. २०२२ मध्ये या मागणीचे पडसाद दोन्ही राज्यांत उमटले.