खणायचा वाळा, राखायचा वाळा

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी पडली की पाण्याला वास येतो. कालिदासाच्या शाकुंतलात तळमळणाऱ्या शकुंतलेसाठी उशीराचा लेप नेला जातो, तोही वाळाच. अत्तर, सरबत, खिडक्यांचे ओले पडदे, सगळीकडे मागणी मुळाला; आणि मूळ हवं तर ठोंब खणावाच लागतो. उतारावरचा वाळा असा खणला की भुसभुशीत झालेली माती पावसाबरोबर जाते. म्हणून माती राखण्याची त्याची कुळकथा अत्तराच्या पेठेत सापडत नाही. वाळा जिथे न खणता ठेवला, तिथे ती शोधावी लागते.

कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी तो शंभराहून अधिक वर्षं शेताच्या हद्दीवर राखला. १९५०च्या दशकात जॉन ग्रीनफिल्ड यांनी फिजीत उसाच्या उतारांवर वाळ्याच्या ओळी लावल्या. पुढे ते आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात होते. १९८७ साली बँकेनं वाळ्यावर छोटी हिरवी पुस्तिका काढली आणि ही रीत देशोदेशी गेली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विदर्भाच्या काळ्या मातीत तिचे प्रयोग केले. गुंडलुपेटच्या त्या शेतकऱ्यांची नावं मात्र कुठे नोंदलेली दिसत नाहीत, याची मला खंत वाटते.

नवी मुंबईशी या गवताचं नातं बेलापूरमधून जुळतं. कोकण रेल्वेचं मुख्यालय तिथे आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर मार्ग टाकताना डोंगर कापले गेले आणि उघड्या पडलेल्या उतारांवर कोकणचा पाऊस कोसळू लागला. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. मार्ग सुरक्षित करण्यासाठी उतार सौम्य करणं, जाळ्या, भिंती अशी जी कामं झाली, त्यांत कटिंगच्या मातीवर वाळा लावणंही होतं.

वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत. ती सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. वर ताठ काड्यांची दाट भिंत उभी राहते. पाणी तिच्याशी थबकतं, पसरतं, संथपणे झिरपून पुढे जातं. गाळ मागे साचतो आणि त्या गाळातून वाळा पुन्हा वर फुटतो. कुणी न बांधलेला बांध असा वर्षावर्षानं उंचावत जातो. दक्षिणेतल्या लागवडीच्या वाळ्याला रुजणारं बी धरत नाही, त्यामुळे तो रान माजवत नाही.

पण त्याच्याकडून भलतं मागू नये. सुटलेला कातळ वाळा धरत नाही. नवी मुंबईलगतच्या पारसिकच्या डोंगरात खाणींनी नागव्या केलेल्या कड्यांवर माती नाही, तिथे त्याचं काही चालणार नाही. दाट सावलीतही तो खंगतो. डोंगरपायथ्याच्या वस्त्यांमागे जिथे मातीचा उतार आहे, तिथे मात्र तो लावायलाच हवा, पाण्याला वाट काढून देणाऱ्या गटारांच्या जोडीनं.

लावायचा पाऊस धरल्यावर. ठोंब फोडून दोन-तीन काड्यांचे फुटवे करायचे, पात वीतभर ठेवून छाटायची, आणि उताराला आडवी, समपातळीत ओळ धरून दहा-पंधरा सेंटिमीटरवर एकेक दाबायचा. एक जरी मेला तरी सगळं पाणी त्याच फटीतून धावतं आणि घळ पाडतं. म्हणून पहिले दोन पावसाळे ओळीवरून चालत नांगे भरावे लागतात.