चित्र टिपणे आणि चित्र टिकविणे

छायाचित्र, चित्रपट वा संगणकावरील कला यांतील नवे शोध म्हटले की आपले लक्ष यंत्राकडे जाते. चित्र किती लवकर व किती स्वस्तात निघते, याचेच आपणांस कौतुक. परंतु या विद्येचा इतिहास पाहता आम्हांस असे दिसते की, चित्र टिपण्याच्या प्रत्येक शोधामागोमाग ते टिकविण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याकडे समाजाने बहुधा उशिराच पाहिले. लवकर पाहिल्याचा एक दाखला मात्र ठाणे-कल्याणकरांच्या शेजारीच आहे.

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष कोरलेले आहे. रेल्वे ठाण्यास १८५३ साली व कल्याणास १८५४ साली आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटीही १८५४ सालचीच. पुढे १८६८ साली सरकारने मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींकडून या देवळाचे आराखडे, साचे व छायाचित्रे करविली. त्या काळच्या रीतीत काचेवर रसायनाचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगोलग अंधारात धुवावे लागे. ऊनपावसाने कोरीव काम झिजत होते. त्याचे रूप निदान कागदावर व साच्यात राहिले.

चित्रपटाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्याच्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे तेवढे उपलब्ध आहे, आणि तेही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पुरे-अपुरे मिळून तीसही उरले नाहीत. नायट्रेटची फीत चटकन पेट घेई, दमट हवेत कुजे. पुष्कळ फिती तर त्यांतील चांदीसाठी विकल्या गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, आणि तेथील पी. के. नायर यांनी उरलेसुरले मिळवून जपले.

आता चित्र आकड्यांत साठते. अमेरिकेत रसेल कर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले, ते १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचे. आकडा जळत नाही, कुजत नाही. तेव्हा प्रश्न मिटला, असे कोणास वाटेल. पण जगातील पहिल्या संकेतस्थळाचे मूळ रूपच कोणी जपले नाही. १९९२ सालची प्रत हाती होती, ती सर्न या संस्थेने २०१३ साली पुन्हा लोकांपुढे ठेवली. मराठीची गोष्ट आणखी जवळची. आरंभीची मराठी संकेतस्थळे आपापल्या खास अक्षरसंचावर चालत. तो संच आपल्या संगणकावर नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडची सामाईक व्यवस्था आणि र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ यांसारखे अक्षरसंच आले, तेव्हा ही अडचण सरू लागली. ‘फ्लॅश’वर रचलेली हलती चित्रे मात्र २०२० अखेर त्या साधनाचा आधार काढून घेताच ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली.

२०२२ पासून त्यात नवी भर पडली. शब्दांवरून चित्र काढणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. उद्या मासुंदा तलावाचे कधीही न घेतलेले ‘जुने छायाचित्र’ कोणीही क्षणात करील. चित्राच्या पोटातच त्याचा उगम नोंदविण्याची पद्धत ठरविण्यासाठी २०२१ साली काही कंपन्या एकत्र आल्या. हा शोध फार मोलाचा आहे. कारण आता चित्र टिकविणे पुरेसे नाही, त्याची साक्षही टिकवावी लागेल.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे वाडे आणि चाळी पाडून इमारती उठत आहेत. त्यांची चित्रे घरोघर आल्बमात व फोनमध्ये आहेत. प्रत्येकावर स्थळ, साल व टिपणाऱ्याचे नाव लिहावे. एक प्रत घरी व दुसरी अन्यत्र ठेवावी. कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. गावाचे पुस्तक सांभाळावे, तद्वत गावाचे चित्रही सांभाळावे, हे काम अशा संस्थांनी आणि आपण नागरिकांनी मिळून अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.