रोनेबुर्ग : युरेनियमच्या खाणीवरील उद्यान

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील रोनेबुर्ग हे एके काळी औषधी झऱ्यांसाठी ओळखले जाणारे गाव होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत अणुकार्यक्रमासाठी युरेनियम काढणाऱ्या विस्मुट कंपनीने १९५० च्या सुमारास येथे खाणकाम सुरू केले आणि परिसराचे रूप पार पालटले. श्मिर्खाऊसारखी खेडी खाणीखाली गेली, लिख्टेनबेर्गची उघडी खाण सुमारे २४० मीटर खोल झाली, आणि टाकाऊ खडकाचे शंभर मीटरहून उंच असे शंकूच्या आकाराचे ढीग दूरच्या महामार्गावरूनही दिसू लागले.

जर्मनीचे एकीकरण झाल्यावर, १९९० च्या अखेरीस, उत्पादन थांबले आणि पुनर्वसनाचा भार केंद्र सरकारने उचलला. त्यासाठी सुमारे १३ अब्ज मार्क खर्चाचा अंदाज बांधण्यात आला. ढिगांतील खडक खाणीत परत लोटावेत, हा उपाय वरवर सोपा वाटतो. खरे कौशल्य मात्र कोणता खडक कोठे ठेवायचा, हे ठरवण्यात होते. या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, असल्यामुळे हवा व पाणी लागताच त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल खडकातील युरेनियम व इतर धातू विरघळवून भूजलात नेते. म्हणून सर्वाधिक आम्ल निर्माण करू शकणारा खडक तळाशी, जेथे भूजल पुन्हा चढल्यावर हवा पोहोचणार नाही अशा ठिकाणी टाकण्यात आला, तर आम्ल शोषून घेणारा खडक वरच्या थरांसाठी राखून ठेवण्यात आला. खड्डा भरून वर उठलेल्या नव्या टेकडीला नष्ट झालेल्या खेड्याच्या आठवणीने श्मिर्खाऊचेच नाव मिळाले. विस्थापितांच्या दृष्टीने हे नाव थोडके असले तरी ते ठेवले गेले, ही गोष्ट मोलाची आहे.

२००७ मध्ये गेरा शहर आणि रोनेबुर्ग येथे राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन भरले, तेव्हा गेसन खोऱ्यावर २२५ मीटर लांबीचा लाकडी पूल उभारण्यात आला आणि पूर्वी प्रवेश नसलेल्या या भूमीवर लोक मोकळेपणाने फिरू लागले. तथापि पाण्याचे काम त्या प्रदर्शनाबरोबर संपले नाही. बंद खाणीत चढलेले पाणी खोऱ्यात वर येत असल्याने ते गोळा करून शुद्धीकरण केंद्रात न्यावे लागते. तेथे चुन्याने त्यातील आम्ल मारले जाते, धातू गाळाच्या रूपाने खाली बसतात, आणि तो गाळ स्वतंत्रपणे सुरक्षित साठवावा लागतो.