अनोळखी लहान पतंग : ओळख आणि नमुना जतन

टोमॅटोची पाने व फळे पोखरणारी टुटा ही कीड महाराष्ट्रात २०१४ मध्ये आढळली. तिचा राखाडी-तपकिरी पतंग सुमारे ६ मि.मी. लांबीचा असतो. बटाट्यावरील पाकोळीही टोमॅटोवर येते आणि दोन्ही पतंग साधारण सारखेच दिसतात. केवळ रंगावरून निष्कर्ष काढल्यास फवारणी चुकते. नेमक्या ओळखीसाठी तज्ज्ञ नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, म्हणून पतंगाचे पोट शाबूत हवे.

नमुना असा ठेवा

- पतंग चिमटीत धरू नका, पंखांवरील खवले झडतात. लहान डबीत अलगद पकडा.
- डबी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. मेलेला पतंग कोरड्या डबीत टिश्यू पेपरवर ठेवा. कापसात पाय अडकून तुटतात.
- चिकट सापळ्यातील पतंग ओढून काढू नका, त्याभोवतीचा तुकडा कापून घ्या.
- अळी मिनिटभर कडक गरम पाण्यात ठेवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. पतंग मात्र अल्कोहोलमध्ये टाकू नका.
- काही अळ्या पानांसह हवेशीर डबीत वाढवा, त्यातून स्वच्छ पतंग मिळतात.

डबीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा : गाव, तालुका, तारीख, पीक, सापळ्याचा प्रकार, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठीशिवाय नमुन्याचा फारसा उपयोग होत नाही. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्या.