ब्रिज पिकअपची निवड (इलेक्ट्रिक गिटार)

ब्रिज पिकअप हा इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजलगत बसवलेला व तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा घटक होय. सतार, तंबोरा यांसारख्या वाद्यांत घोडी जे काम करते, तेच गिटारमध्ये ब्रिज करतो. मूळचा ब्रिज पिकअप काढून दुसरा बसवणे हा इलेक्ट्रिक गिटारमधील सर्वाधिक प्रचलित फेरबदलांपैकी एक आहे. नव्या पिकअपची निवड गिटारवरील उपलब्ध जागा, पिकअपचा प्रकार, चुंबक व गुंडाळी आणि अंतर्गत जोडणी या चार बाबींवर अवलंबून असते. केवळ रोधाच्या आकड्यावरून केलेली निवड फसण्याचा संभव असतो. शिवाय आवाजातील अनेक दोष पिकअप न बदलताही दूर करता येतात.

कार्य व स्थानाचा परिणाम

पिकअपमध्ये कायम चुंबक आणि तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. चुंबकामुळे गिटारच्या पोलादी तारा चुंबकित होतात. त्या कंप पावल्या की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधले. नायलॉनच्या तारांवर असा पिकअप काम करत नाही, याचे कारण हेच.

ब्रिजपाशी तार बांधलेली असल्याने तेथे तिचा आयाम लहान असतो. मूळ स्वर तेथे क्षीण उमटतो, तर वरच्या वारंवारतेचे उपस्वर तुलनेने ठळक राहतात. सतारीची तार घोडीजवळ छेडली असता आवाज कोरडा व धारदार येतो. पिकअपच्या बाबतीतही स्थानाचा परिणाम तसाच होतो. एकच पिकअप दांड्याजवळ बसवल्यास भरदार आणि ब्रिजजवळ बसवल्यास बारीक व तीक्ष्ण ऐकू येतो. म्हणून ब्रिजसाठीच्या पिकअपला सामान्यतः अधिक वेढे दिलेले असतात. दांड्यासाठी बनवलेला पिकअप ब्रिजजवळ बसवल्यास तो दुर्बल भासण्याची शक्यता असते.

इतिहास

१९५० मध्ये ब्रॉडकास्टर या नावाने बाजारात आलेल्या व पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झालेल्या फेंडर गिटारमध्ये ब्रिज पिकअप तिरपा असून तो ब्रिजच्याच धातूच्या पत्र्यात बसवलेला असतो. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन पिकअप होते. प्रारंभी ते तिन्ही एकाच प्रकारच्या गुंडाळीचे होते आणि ब्रिज पिकअपला टोनची कळ जोडलेली नव्हती. या गिटारच्या ब्रिज पिकअपचा आवाज बोचतो, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

गिबसन कंपनीतील सेथ लव्हर यांनी गुणगुण रोखणाऱ्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला. पेटंट १९५९ मध्ये मिळाले. हा पिकअप हमबकर या नावाने ओळखला जातो. १९५७ पासून तो लेस पॉल गिटारमध्ये बसवला जाऊ लागला. पेटंट प्रलंबित असल्याची चिठ्ठी तळाशी असलेले त्या काळातील पिकअप पुढे ‘पीएएफ’ या आद्याक्षरांनी विख्यात झाले.

डिमार्झिओ कंपनीचा १९७२ मधील सुपर डिस्टॉर्शन हा केवळ बदलीसाठी विकल्या गेलेल्या आरंभीच्या पिकअपपैकी एक होय. एडी व्हॅन हेलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या गिटारमध्ये ब्रिजजवळ गिबसनचा हमबकर बसवला. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर या रचनेचे अनुकरण मोठ्या प्रमाणावर झाले.

बदलण्यापूर्वीची तपासणी

खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे पाहणे आवश्यक असते.

• आवाज क्षीण असल्यास प्रथम पिकअपची उंची तपासावी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली असता तार व पिकअप यांत साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर असावे. एकेरी वेटोळ्याचा पिकअप फार वर घेतल्यास त्याचे चुंबक तारांना ओढतात व स्वर डळमळतो.
• आवाज बोचरा असल्यास ब्रिज पिकअपला टोनची कळ जोडून पाहावी. यासाठी बहुधा वायरचा एक तुकडा व थोडे सोल्डरिंग पुरते.
• आवाज मंद व दबलेला असल्यास जुन्या तारा बदलून पाहाव्यात. गंजलेल्या, मळलेल्या तारांवर उपस्वर टिकत नाहीत.
• गुणगुण येत असल्यास ॲम्प्लिफायरला योग्य अर्थिंग आहे की नाही हे आधी पाहावे. ब्रिज व तारा सामान्यतः ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणून अर्थिंगचा दोष केवळ आवाजापुरता न राहता वादकाच्या जिवावर बेतू शकतो, आणि पिकअप बदलून तो दूर होत नाही.

प्रकार व मापे

एकेरी वेटोळ्याचा पिकअप स्पष्ट व खणखणीत वाजतो, परंतु तो विजेच्या उपकरणांमधील गुणगुणही पकडतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ती गुणगुण ५० हर्ट्झ व तिच्या पटींत ऐकू येते. हमबकरमध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली आणि त्यांची चुंबकीय ध्रुवताही विरुद्ध असते. त्यामुळे तारांचा संकेत एकत्र होतो व बाहेरची गुणगुण एकमेकांत विरते. एकेरी पिकअपच्या खाचेत मावणारे दुहेरी वेटोळ्यांचे पिकअपही मिळतात. त्यांत वेटोळी एकाखाली एक किंवा शेजारी-शेजारी असतात. गुणगुण नको, पण लाकूड कोरण्याचीही तयारी नाही, अशांसाठी हा मध्यम मार्ग होय. कोरलेले लाकूड पूर्ववत होत नाही व जुन्या गिटारचे मोल त्याने घटते.

पिकअपच्या दोन टोकांच्या ध्रुवांमधील अंतरही पाहावे लागते. पारंपरिक गिबसन मापाच्या हमबकरमध्ये ते सुमारे ४९ ते ५० मिलिमीटर असते. फेंडर पद्धतीच्या रुंद ब्रिजसाठी ते ५१ ते ५३ मिलिमीटर ठेवतात. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपचा आकार इतरांपेक्षा वेगळा असल्याने स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप त्यात थेट बसत नाही.

चुंबक, गुंडाळी व रोधाचा आकडा

ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह यांच्या मिश्रधातूपासून बनलेल्या चुंबकांना अल्निको म्हणतात. अल्निको २ तुलनेने सौम्य, तर अल्निको ५ अधिक प्रबळ व स्वच्छ मानला जातो. सिरॅमिक चुंबक प्रामुख्याने जोरकस संकेताच्या पिकअपमध्ये आढळतात. तथापि चुंबक एकटाच आवाज ठरवत नाही; वेढ्यांची संख्या, तारेची जाडी व वेटोळ्याचा आकार यांचाही त्यात वाटा असतो.

विक्रेते पिकअपचा रोध किलोओहममध्ये देतात. स्ट्रॅटोकास्टरच्या पारंपरिक पिकअपचा रोध सुमारे ६, पीएएफ पद्धतीच्या हमबकरचा सुमारे ८, तर जोरकस हमबकरचा १३ ते १६ किलोओहम असतो. जास्त रोध म्हणजे जास्त आवाज, हा समज मात्र चुकीचा आहे. पिकअपसाठी नेहमी वापरली जाणारी ४२ क्रमांकाची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर, तर ४३ क्रमांकाची सुमारे ०.०५६ मिलिमीटर जाड असते. बारीक तारेचा रोध त्याच लांबीला सुमारे सव्वापट भरतो. म्हणजे एकही वेढा न वाढवता आकडा फुगतो. तापमानाचाही परिणाम होतो: २० अंश सेल्सिअसला ८ किलोओहम असलेला पिकअप ४० अंशांना सुमारे ८.६ दाखवतो. एकाच जातीचे चुंबक, तार व रचना असलेल्या दोन पिकअपची तुलना करतानाच हा आकडा उपयोगी पडतो.

वेढे वाढवले की संकेताचा जोर वाढतो, पण इंडक्टन्सही वाढतो आणि वरचे स्वर दबू लागतात. म्हणून मुळातच मंद वाजणाऱ्या गिटारला अतिजोरकस पिकअप सहसा मानवत नाही. बोचऱ्या गिटारला मात्र थोड्या अधिक वेढ्यांचा पिकअप उपकारक ठरतो.

जोडणी

व्हॉल्यूम व टोनच्या कळांचे मूल्य आवाजावर परिणाम करते. एकेरी पिकअपसाठी २५० किलोओहम व हमबकरसाठी ५०० किलोओहम अशी रूढ पद्धत आहे. मूल्य कमी असल्यास आवाजाची धार कमी होते. त्यामुळे तीक्ष्ण हमबकर सौम्य करण्यासाठी कमी मूल्याची कळ बसवणे हा अल्पखर्चिक उपाय आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय पिकअपला साधारणतः २५ किलोओहमच्या कळा लागतात व बॅटरीसाठी जागा करावी लागते.

चार वायरींचा हमबकर घेतल्यास त्याचे एकच वेटोळे वापरण्याची सोय करता येते. वायरींच्या रंगांचा संकेत प्रत्येक उत्पादकाचा निराळा असतो. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नये. नवा व जुना पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ व बारीक झाल्यास दोघांचे संकेत विरुद्ध दिशेचे आहेत असे समजावे. अशा वेळी एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करतात. पिकअपला धातूचे आवरण असल्यास त्याची भू-वायर आधी वेगळी करावी लागते.

मूळ पिकअप जपून ठेवण्याची प्रथा आहे. नवा पिकअप न रुचल्यास तो परत बसवता येतो, आणि गिटार विकताना मूळ सुट्या भागांना किंमत येते.