पाटण्याचा दगड आणि पळीभर तेल

"खानदेशात बघायला आहे काय? केळी, कापूस आणि ऊन!" ऑफिसातल्या मंडळींकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी उत्तर तयारच ठेवतो. पाटणे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला साधारण १८ किलोमीटर, सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी टेकलेलं छोटंसं गाव. धुळ्याला घरी गेलो की शनिवारी सकाळी रेल्वेने चाळीसगाव गाठायचं, पुढे मिळेल त्या वाहनाने पाटणे, आणि तिथून पायगाडी.

फिरायला इथे भरपूर आहे. पाटणादेवीचं देऊळ, कान्हेरगड, त्याच्या कुशीतली नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी. पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा. जंगलातून चढत गेलं की वर पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. पुरातत्त्वज्ञ साळी यांना तर याच गावाजवळच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कोरीव रेघा असलेलं कवच मिळालं, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. होय, शहामृग, चाळीसगाव तालुक्यात!

पण आज लिहायचंय ते एका दगडाबद्दल. आमच्यासारख्या आकड्यांवर पोट भरणाऱ्यांनी तरी तो माहीत करून घ्यायलाच हवा.

हा शिलालेख देवीच्या देवळात होता. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली त्याबद्दल लिहिलं. लेखावर शके ११२८ हा आकडा आहे आणि तिथी आहे श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची. गणित करून अभ्यासकांनी तो दिवस १२०७ सालच्या ऑगस्टमधला ठरवला. देवगिरीवर तेव्हा सिंघण यादव होता आणि या भागात त्याचे मांडलिक, निकुंभ घराणं. त्याच घराण्यातल्या सोइदेवाने एका मठाला दिलेल्या दानाचा हा लेख.

मठ कसला? तर भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्याचा. भास्कराचार्य म्हणजे तेच, लीलावतीवाले. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात पंडित, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. (ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले वाघावरचे चांगदेव ते हे नव्हेत!) आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ आपल्या मठात शिकवले जावेत म्हणून या नातवाने मठ काढला. लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याची सगळी वंशावळ दिली आहे. भास्कराचार्यांच्या घरच्या माणसांची इतकी नीट माहिती आपल्याला आहे, ती मुख्यतः या दगडामुळे.

आता खरी गंमत. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. राजांची स्तुती, पंडितांची स्तुती, सगळं रीतसर. आणि शेवटी एकदम भाषा बदलते. शेवटच्या ओळी चक्क मराठीत आहेत! विषयही बदलतो. मठाचा खर्च कुठून चालायचा, ते इथे लिहिलंय.

थोडक्यात सांगायचं तर असं. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून जो कर राजाकडे जायचा, तो आता मठाला. नगराने गिऱ्हाइकाकडचा दामाचा विसोवा, म्हणजे विसावा भाग, दिला. पाच पोफळी म्हणजे सुपाऱ्या दिल्या. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी-पळी तेल. आणि जे काही मोजायचं ते मठाच्याच मापाने मोजायचं. मापाईचं उत्पन्न अर्धं मठाला, अर्धं मापाऱ्याला.

ही भाषा का बदलली असावी? माझ्या मते कारण सरळ आहे. स्तुती ज्यांना ऐकायची होती ते संस्कृत जाणणारे होते. तेल द्यायचं होतं तेल्याला. ज्याच्याकडून रोज वसुली व्हायची त्याला कळेल अशाच भाषेत नियम हवेत. आमच्या धंद्यातही करारपत्राची प्रस्तावना भारदस्त असते, आणि पैशांचं कलम मात्र प्रत्येकाला कळेल असं लिहावं लागतं!

अजून एक धागा. 'लीलावती'च्या सुरुवातीलाच नाण्यांची आणि मापांची कोष्टकं आहेत. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. हा द्रम्म म्हणजेच आपला 'दाम'. पुढे व्याजाची उदाहरणं आहेत, धान्याच्या राशी मोजण्याची आहेत. म्हणजे मठात पोरं द्रम्मांची गणितं सोडवत होती, आणि बाहेरच्या पेठेत त्याच दामांतला विसोवा त्यांच्या मठासाठी गोळा होत होता.

भास्कराचार्य नक्की कुठले, यावर आजही वाद झडतात. त्यांनी स्वतः गावाचं नाव सांगितलंय विज्जडविड, सह्याद्रीजवळचं. कोणी ते विजापूर म्हणतं, कोणी बीड, कोणी पाटणेच. खानदेशी माणूस म्हणून मला शेवटचं उत्तर आवडेल, हे कबूल. पण पाटण्याचा दगड जन्मगाव सांगत नाही. तो सांगतो की इथल्या पेठेने त्यांच्या ग्रंथांसाठी पैसा आणि तेल दिलं. मला हीच गोष्ट मोठी वाटते. विद्वान कुठेही जन्मतो. त्याचं लिखाण पुढच्या पिढीला शिकवायचं, तर कोणाला तरी रोजच्या विक्रीतून काहीतरी काढून द्यावं लागतं.

हे एकट्या पाटण्याचंही नाही. याच तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. तिथे शके ११४४ (इ.स. १२२२) चा लेख आहे, अनंतदेवाचा. हा भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा, नातू. त्याने बहाळला भवानीचं देऊळ बांधलं आणि ब्रह्मगुप्त-वराहमिहिरांच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या. म्हणजे एकाच घराण्यातले दोन चुलतभाऊ, दोघेही ज्योतिषी, आणि दोघांच्याही खुणा आज ज्यांना आपण 'खेडी' म्हणतो तिथे.

आज पाटण्यात ना ती पेठ उरली, ना मठ. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातही एक संगमरवरी पाटी होती. देणगीदारांची नावं, त्यात बरेचसे कापसाचे अडते. दहा वर्षं त्या पाटीखाली चपला काढल्या, पण ती धड कधी वाचली नाही आम्ही कोणी. पाटण्याला जाऊन आल्यावर मुद्दाम जाऊन वाचली. एका नावापुढे १०१ रुपये होते. पळीभर तेल म्हणजे हेच की!

जाणार असाल तर पावसाळ्याच्या शेवटी किंवा थंडीत जा. नवरात्रात यात्रेची गर्दी असते. पितळखोऱ्याची वाट गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातून जाते, बिबट्यांचा भाग आहे, तेव्हा गावातला माहीतगार बरोबर घ्या. पाणी भरपूर ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर बहाळही करा. गिरणेच्या काठाने चालायला फार छान वाटतं.